फिशिंगचा फ कुठून आला

रबाळ्याच्या एमआयडीसीत केमिकलच्या दोन कारखान्यांच्या मधोमध काचेची एक इमारत आहे. तिथल्या एका कंपनीत मी बरीच वर्षं नोकरी केली. बँका, पतपेढ्या, हॉस्पिटलं यांच्या कर्मचाऱ्यांना ऑनलाइन फसवणुकीपासून सावध राहायला शिकवणं हे कंपनीचं काम. मराठी धडे मी लिहायचे. शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण बसायची. ती चाचणीच्या टीममध्ये होती. म्हणजे धडे देऊन झाले की त्याच कर्मचाऱ्यांना खोटे मेल पाठवायचे आणि कोण लिंकवर क्लिक करतं ते बघायचं. मी शिकवायचं आणि तिने परीक्षा घ्यायची, असं आम्ही गमतीने म्हणायचो.

ती साताऱ्याकडची. वडील एपीएमसी मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर माथाडी होते, घर कोपरखैरण्याला. मी मोरा बंदरावरची, कोळ्याची मुलगी. तिच्या डब्यात खर्डा आणि माझ्या डब्यात सुकट. दोघींचे डबे उघडले की पँट्रीतली बाकीची मंडळी लांब जाऊन बसायची. त्यातूनच आमची मैत्री झाली.

एकदा साहेबांनी मला नवीन धडा लिहायला दिला. फिशिंग म्हणजे काय आणि हा शब्द आला कुठून. "लोकांना व्याख्या लक्षात राहत नाही," ते म्हणाले, "स्टोरी राहते. शब्दाची स्टोरी सांगा."

खरं सांगायचं तर या शब्दावर माझा पहिल्यापासून राग होता. माझ्या वडिलांची बोट होती. आजोबांचीही होती. मासेमारी हा आमच्या घरचा धंदा, आणि इथे रोज कुणी तरी मला तोच शब्द चोरीचा म्हणून सांगत होतं. मी मैत्रिणीला म्हटलं, "आमच्यात कुणी फसवायला म्हणून दर्यावर गेलं नाही."

ती घास चावता चावता म्हणाली, "अगं, ते माशाला विचार."

मी हसले होते. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

मग मी शोधत बसले आणि राग हळूहळू गेला, कारण गोष्ट खरोखर मजेची निघाली. इंग्रजीत माशांचं फिशिंग 'एफ'ने लिहितात आणि फसवणुकीचं 'पीएच'ने. इंटरनेटच्या आधी अमेरिकेत काही पोरं टेलिफोनच्या यंत्रणेशी खेळायची. ठरावीक सुराची शिट्टी वाजवून एक्स्चेंजला चकवायची आणि लांबलांबचे फोन फुकट लावायची. एखाद्या गोष्टीचं वेड लागलेल्या माणसाला इंग्रजीत फ्रीक म्हणतात. या पोरांनी त्या शब्दातला एफ काढून फोनमधला पीएच बसवला आणि तेच स्वतःचं नाव करून टाकलं. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले. तिथल्या एका मोठ्या इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांना निरोप जायला लागले, की आम्ही कंपनीतूनच बोलतोय, तुमचा पासवर्ड जरा तपासायला द्या. लोक द्यायचे. निरोप पाठवणारे आपापसात याला मासे धरणं म्हणायचे आणि जुन्या फोनवाल्यांची आठवण म्हणून तोही शब्द पीएचने लिहायचे. अशीही एक गोष्ट सांगतात, की चोरलेल्या खात्यांबद्दल बोलताना ही मंडळी माशासारखं दिसणारं एक चिन्ह टाकायची. तसलं चिन्ह वेबपानांच्या मजकुरात जागोजागी असायचंच, त्यामुळे कंपनीला ते गाळता यायचं नाही. ही गोष्ट खरी की मागाहून जोडलेली, ते मला काही ठरवता आलं नाही. मी पुढे 'असं म्हणतात' लावलं आणि धड्यात घेतली.

मराठीत पंचाईत वेगळीच होती. आपल्याकडे दोन्हीला एकच फ. इंग्रजी वाचणाऱ्याला स्पेलिंगमध्येच दिसतं की इथे काही तरी बदललेलं आहे, खऱ्या अक्षराच्या जागी दुसरं बसवलंय. देवनागरीत ते दिसतच नाही. सरळ मासेमारी म्हणावं तर माझं मन घेईना. शेवटी मी 'आमिष' या शब्दावर धडा उभा केला. आमिष म्हणजे मुळात मांस. सामिष जेवणातलं आमिष तेच. गळाला लावायचा मांसाचा तुकडा, म्हणून पुढे लालूच. मैत्रिणीला हे इतकं आवडलं की पुढचे काही दिवस ती माझ्या डब्यातलं सुकट मागताना "थोडं आमिष दे" म्हणायची.

धड्याचा शेवटचा भाग होता एकाच माणसाला हेरून केलेल्या फसवणुकीचा. त्याला इंग्रजीत भाल्याचं फिशिंग म्हणतात. जाळं सगळ्यांसाठी, भाला एकासाठी. मी लिहिलं होतं, 'भाला मारणाऱ्याला आपल्याबद्दल काही तरी ठाऊक असतं. ते त्याला कुठून कळलं, हा प्रश्न स्वतःला विचारा.' चाचणीत जो क्लिक करेल त्याच्यासमोर उघडणारं पानही मीच लिहिलं. त्यावर एक हसरा मासा आणि खाली वाक्य: 'आपण गळाला लागलात! घाबरू नका, ही फक्त चाचणी होती.' ते 'घाबरू नका' ठेवावं की काढावं यावर आम्ही दोघींनी चहाचे दोन कप घालवले. ती म्हणाली, "ठेव. माणूस आधीच खजील झालेला असतो."

आता दादाबद्दल सांगायला हवं.

माझा भाऊ माझ्यापेक्षा मोठा. वडिलांनी बोट विकायचं ठरवलं तेव्हा त्याला विचारलं नाही. त्याला बोट चालवायची होती. वडिलांचं म्हणणं, डिझेल परवडत नाही, खाडीत मासळी उरली नाही, पोरगा आयुष्यभर राबेल आणि हाती काही लागणार नाही. ज्या दिवशी दुसरी माणसं येऊन बोट घेऊन गेली, त्या दिवशी दादा घरातून गेला. आधी त्याचा फोन लागायचा, तो उचलायचा नाही. मग लागायचाही बंद झाला. कुणी म्हणायचं कोचीला एका ट्रॉलरवर दिसला, कुणी म्हणायचं आखातात आहे. पुढे वडील गेले. त्याला कळवायचं तर कुठे? तेव्हापासून आईचा एकच प्रश्न असतो, "त्याला म्हाईत तरी हाय का?"

ऑफिसात यातलं कुणाला काही ठाऊक नव्हतं. भाऊ बाहेरगावी असतो, एवढंच मी सांगायचे. मैत्रिणीला मात्र सगळं सांगितलं होतं. नारळी पौर्णिमेला ती आमच्या घरी आली होती. आईने तिला पाटावर बसवून आग्रहाने वाढलं, जाताना सुकटीची पिशवी दिली. संध्याकाळी आम्ही दोघी मोरा बंदरावर बसलो आणि तिथे मी तिला दादाचं सांगितलं. तो मला 'बाय' म्हणायचा. सायबर कॅफेत मीच त्याचा ईमेल पत्ता काढून दिला होता, त्यात त्याने हट्टाने फिशरमन हा शब्द घालायला लावला होता. त्या पत्त्यावर मी लिहिलेल्या एकाही मेलला उत्तर आलं नव्हतं. तिने माझा हात धरून सगळं ऐकून घेतलं.

एका दुपारी ऑफिसात मला मेल आला. जेवून मी जागेवर बसले होते. पत्त्यात फिशरमन ओझरतं दिसलं आणि मी लगेच मेल उघडला.

'बाय, मी बोलतोय. बाबांचं आत्ता कळलं. तोंड दाखवायची लाज वाटते. आईला सांग मी बरा आहे. फोटो पाठवलाय, बघ.'

खाली लिंक होती. मी लिंकवर बोट ठेवण्याआधी आईला फोन लावला. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही.

"आई, दादाचा मेल आलाय."

"काय लिवलाय गो?"

मी वाचून दाखवलं. बाबांचं कळलं, या वाक्यावर ती रडायला लागली. मग म्हणाली, "फोटो उघर. कसा दिसतो? बारीक झालाय का?"

मी क्लिक केलं.

हसरा मासा आला. त्याच्याखाली माझंच वाक्य.

"दिसला?" आई विचारत होती. "बोल ना गो. दाढी वाढवलीय का?"

"आई, उघडत नाय," मी म्हटलं. "नेट स्लो हाय."

"मंग मी ठेवते. तू नीट बघ आनि मना सांग."

मी मान वर केली. समोर काचेच्या मीटिंगरूममध्ये चाचणीची टीम बसली होती. कुणी क्लिक केलं की त्यांच्या स्क्रीनवर लगेच दिसायचं. मैत्रीण खुर्चीत वळून माझ्याकडेच बघत होती आणि हसत होती. तू पण सापडलीस, असं चिडवणारं ते हसू होतं. बाजूच्याने तिला टाळी दिली. मग तिला माझा चेहरा नीट दिसला असावा, आणि तिचं हसणं थांबलं. ती उठून बाहेर यायच्या आत मी पर्स उचलून जिना उतरले.

मोऱ्याला जाताना वाटेत आईचे फोन येत राहिले. मी एकही उचलला नाही. फोनवर हे सांगता येणार नव्हतं.

घरी पोचले तर दारात चपलाच चपला. आईने सगळ्या आळीला सांगितलं होतं. काकी होती, पलीकडच्या दोघी-तिघी होत्या. शेजारीण तिचा टॅब घेऊन बसली होती, फोटो मोठा दिसावा म्हणून. आई साडी बदलून, चष्मा पुसून कॉटवर बसली होती. मला बघून तिने बाजूला जागा केली.

"आई, आत चल."

"इथंच दाव. समद्यांना बघायचाय."

"आई, आत चल ना."

माझ्या आवाजावरून काकीला काही तरी कळलं. तिने बाकीच्यांना उठवलं. बायका बाहेर जाऊन ओट्यावर थांबल्या. मी दार लोटलं आणि आईला सांगितलं, की मेल दादाचा नाही.

"म्हंजे त्यानी नाय लिवला?"

"नाय."

"मंग कोनी लिवला?"

मी सांगितलं. ऑफिसात परीक्षा घेतात, माणूस फसतो का ते बघतात, त्यासाठी खोटं लिहितात. आई ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला यातली एकच गोष्ट समजून घ्यायची आहे.

"ती साताऱ्याची पोर? आपले घरान जेवलेली?"

"हो."

"तिला मी काय केला व्हता?"

आईने चष्मा काढून उशीखाली ठेवला. मग म्हणाली, "परत वाच."

"आई, तो खोटा आहे."

"म्हाईत हाय मना. वाच."

मी वाचला. तिने डोळे मिटून ऐकला आणि म्हणाली, "असाच बोलला असता तो." माझ्या आयुष्यात मला त्या वाक्याएवढं दुसरं काही लागलेलं नाही. बाहेर जाऊन बायकांना सांगायचं काम काकीने केलं.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण पँट्रीत माझी वाट बघत होती. तिने डबा उघडला नव्हता.

"मला वाटलं तू लगेच ओळखशील," ती म्हणाली. "आईशपथ. म्हणून तर मी पत्त्यात पीएच घातला होता."

"काय?"

"फिशरमनचं स्पेलिंग बघ ना. पीएचने लिहिलंय. तुझाच धडा. मला वाटलं तू बघशील, हसशील, आणि सगळ्यांसमोर सांगशील की मी पकडला."

मी फोन काढून पाहिलं. खरंच पीएच होता. इतके दिवस त्या एका अक्षरावर मी काम केलं आणि ते माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेलं. कारण मी पत्ता नीट वाचलाच नव्हता. मी 'बाय' वाचलं होतं.

"बाय तुला कुणी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"तूच."

"कुठे बसून?"

ती घाईघाईने बोलायला लागली. वरून सांगणं होतं की आपलीच माणसं बोनसच्या, कुरिअरच्या मेलला फसत नाहीत, आता प्रत्येकासाठी वेगळा मेल लिहा. तिच्या वाट्याला पाच-सहा जण आले, त्यात मी. "मी नसता लिहिला तर दुसऱ्याने लिहिला असता."

"दुसऱ्याला काय ठाऊक होतं? त्याने बोनसचाच लिहिला असता."

"तू एवढं मनाला लावून घेशील असं..."

"मी क्लिक करायच्या आधी आईला फोन केला होता," मी म्हटलं. "ती फोटो बघायला बसली होती. शेजारणीचा टॅब घेऊन."

तिचा चेहरा पांढरा पडला. हे तिने धरलं नव्हतं, एवढं मला पटलं. पण त्यापुढे त्या चेहऱ्यात काही शोधायची मला इच्छा नव्हती. बंदरावर ती माझा हात धरून बसली होती तेव्हा मी तिला जे दिलं, ते तिने कुठे तरी नीट जपून ठेवलं होतं, आणि लागलं तेव्हा काढलं. तिने मुद्दाम दुष्टपणा केला असता तर मला सोपं गेलं असतं. तिने ते काम म्हणून केलं, आणि चांगलं केलं.

आठवड्याच्या मीटिंगमध्ये साहेबांनी निकाल दाखवला. नाव घेतलं नाही, पण एका 'अत्यंत पर्सनल' मेलचं कौतुक केलं. आपल्या कंटेंटच्या माणसालाही तो ओळखता आला नाही, म्हणाले. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. नंतर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, भाल्याच्या धड्यात हे उदाहरण घालता येईल का, तपशील बदलून. मी नाही म्हटलं. मी एचआरकडे तक्रार केली. तिथल्या बाईंनी पाणी दिलं, सगळं ऐकलं आणि शेवटी म्हणाल्या, "बट यू डिड क्लिक, ना?" पुढे नियमात एक ओळ वाढली, की चाचणीच्या मेलमध्ये घरातल्या मृत्यूचा उल्लेख करू नये. ती ओळ इंग्रजीत होती. मराठी करायला माझ्याकडेच आली.

एका रविवारी मैत्रीण मोऱ्याला आली. मला न सांगता. मी घरीच होते. साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन दारात उभी राहिली. आईने तिला आत घेतलं, खुर्ची दिली, चहा केला. मैत्रीण रडली, आईच्या पायाशी वाकली. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे." मग तिच्याकडे बघून म्हणाली, "तू त्याला कवा बघला नाय. मंग तुला त्याचा बोलना कसा जमला?"

"हिने सांगितलं होतं त्यावरून," मैत्रीण हळूच म्हणाली.

आईने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अपेक्षित नव्हती. घरातली गोष्ट बाहेर नेणारी मीच होते, हे तिला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं असावं. जेवायची वेळ झाली होती, चुलीवर कालवण होतं, पण आईने मैत्रिणीला जेवून जा म्हटलं नाही. आमच्या घरात असं मी त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. तिलाही ते कळलं. ती उठली. पेढ्यांचा बॉक्स आईने तसाच तिच्या हातात परत दिला.

काही महिन्यांनी मी नोकरी सोडली. आता घणसोलीला वेगळी राहते, घरी बसून भाषांतरं करते, कधी औषधांची माहितीपत्रकं, कधी विम्याची. मैत्रीण चाचणीच्या टीमची हेड झाली, असं ऐकलं. दिवाळीला तिचा मेसेज येतो. मी उत्तर देत नाही. धडा मात्र अजून चालू आहे. एकदा बँकेत उभी होते, तर काउंटरवरची मुलगी शेजारणीला सांगत होती, "आमिष म्हणजे ओरिजिनली मांस, माहितीये?"

मागच्या वर्षी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. उचलला. मागे खूप आवाज होता, इंजिनासारखा.

"बाय?"

पुरुषाचा आवाज. ओळखीचा होता का? आज विचारलं तर मी हो म्हणेन. त्या क्षणी मी काय म्हटलं ते मात्र मला पक्कं आठवतं.

"कोण बोलतंय? आपल्या बोटीचा रंग काय होता, सांग."

त्याने काही सांगितलं नाही. इंजिनाचा आवाज थोडा वेळ येत राहिला आणि फोन कट झाला. मी लगेच उलटा लावला, लागला नाही. रात्रीपर्यंत लावत राहिले.

आईला सांगायचं की नाही यात माझा एक दिवस गेला. मग मोऱ्याला जाऊन सांगितलं. ती गच्चीवर जवळा वाळत घालत होती. तिने हात थांबवले.

"तू त्याला बोटीचा इचारलास?"

"खात्री करायला, आई."

"त्याला बोटीचाच इचारलास?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय विचारलं होतं ते. तो दादाच असेल, तर इतक्या वर्षांनी बहिणीचा आवाज ऐकायला फोन करणाऱ्या माणसाला मी तीच एक गोष्ट विचारली होती जिच्यापायी तो गेला. आणि तो दादा नसेल, तर मी बरोबर वागले. दोन्हींपैकी काय, ते मला आजवर कळलेलं नाही.

आईने नंबर मागितला, मी दिला. ती अधूनमधून शेजारणीच्या घरी जाऊन तिच्याकडून तो लावून घेते. हे मला शेजारणीनेच सांगितलं. आईने अजून सांगितलेलं नाही.